शिट्टीनंतरचा डोह

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी सध्या माशांचे आवाज ऐकायची नोकरी करते. हे ऐकून तुम्ही हसला असता.

खाणीत सुरुंग लावायचं तुमचं काम. जत्रेच्या आधी सुरुंगाची उरलेली कांडी घेऊन तुम्ही इंद्रायणीच्या डोहावर यायचात. मी गळ्याइतक्या पाण्यात असते. तुम्ही खाणीतल्यासारखीच शिट्टी फुंकता आणि ओरडता, "ए पोरी, भाईर ये! डोकं पाण्यात ऱ्हायलं तर कान जातील." कांडी पाण्यात फुटते, पाणी फुगतं, मग मासे पांढरी पोटं वर करून येतात. आई चुलीपाशी त्यांची गाबोळी, पोटातली अंडी, वेगळी तळते, ती माझ्या ताटात पडते. पाण्यात आवाज किती जोरात लागतो, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. माशांनाही ऐकू येत असेल, हे आपल्या दोघांच्याही मनात आलं नाही.

पदवी घेतल्यावर मी समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेत लागले. खाडीत पाण्यातला मायक्रोफोन सोडून आम्ही टेप करतो. विणीच्या दिवसांत मासे टकटकतात, घुमतात. जिथून आवाज येतो तिथं तेवढे दिवस जाळी टाकू नका, असं आम्ही कोळ्यांना सांगतो. कधी ऐकतात. जिथं सुरुंग फुटलेला असतो, तिथं टेपवर नुसतं पाणी.

परवा सुट्टीत यंत्र घेऊन गावी, मळवलीला आले. धाकटा चुलतभाऊ आता मुंबईकरांचा बंगला सांभाळतो. पाहुण्यांना मासे हवेत म्हणून तो कांडी घेऊन डोहावर निघाला होता. मी मायक्रोफोन पाण्यात सोडला आणि हेडफोन त्याच्या कानाला लावला. शिंगाळे मासे कल्ल्यामागचा काटा घासून करकरत होते.

"आयला ताई, आत कुनी बैलगाडी हाकतंय का काय?"

"शिंगाळे आहेत. पोटं अंड्यांनी भरलीत त्यांची. आज फोडलंस तर पुढं डोहात काही उरणार नाही."

"आन् पावन्यांना काय घालू, तुजी टेप?"

"गळ टाक."

"आबा तर दर जत्रंला फोडायचं."

"शेवटी त्यांनी सोडलं होतं," मी म्हणाले.

तो कांडी पिशवीत टाकून गळ आणायला बंगल्याकडे वळला. तुमचा शब्द घरात अजून चालतो.

तुम्ही सोडलं नव्हतं, आबा. हे पत्र कुठं टाकायचं नाही. भावाच्या हाती लागू नये म्हणून चुलीत जाईल. आणि गाबोळी मला अजून आवडते.