एका वेळी एकच तक्रार

३ सप्टेंबर
बाबांना आता बारीक रेघ दिसत नाही, म्हणून आजपासून आमच्या शिंपीकामाच्या दुकानातलं कटिंगचं टेबल माझ्याकडे. कोटांचा हा सीझन नीट निभावलास तर टेबल कायमचं तुझं, नाहीतर बाहेरचा कटर ठेवावा लागेल, असं बाबा म्हणाले. निभावणारच. त्यात काय आहे?
संकल्प: पाठ ताठ, कात्री धारदार, तोंड बंद.

९ सप्टेंबर
जाड कापड कापताना अंगठा सांध्यातून निसटला. दाबून बसवला. काज करत बसलेल्या आत्याने मान वर करून विचारलं, काय मोडलं गं? खडू, म्हटलं.
यात विशेष काही नाही. लहानपणी पाहुणे आले की बाबा मला अंगठा मनगटाला टेकवून दाखवायला लावत. पोरीचे हात लोण्याचे आहेत, कटर होणार, असं कौतुकाने सांगत. पकड सैल राहिली, चूक माझी. उद्यापासून घट्ट धरणार.

१४ सप्टेंबर
हाडांच्या डॉक्टरांना अंगठा दाखवला. आणखी काही त्रास, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. हे खोटं नव्हे. आमच्या घरचा नियमच आहे, एका वेळी एकच तक्रार. दुसरी जोडली की ते रडगाणं. गुडघा खरचटला असेल आणि भूकही लागली असेल, तर आधी कुठलं सांगायचं हे मी शाळेत जायच्या आधीच शिकले. शिवाय उभं राहिलं की माझी छाती धडधडते, हे हाडांच्या माणसाला सांगणं म्हणजे चप्पल शिवायला शिंप्याकडे जाणं.
अंगठ्याला पट्टा मिळाला. तो घातला की कात्री धरता येत नाही. घरी मात्र नियमाने घालते.

२० सप्टेंबर
धडधड उपाशीपोटी उभं राहिल्याने होते. संकल्प: भरपेट खाऊन कामाला लागणं.

२१ सप्टेंबर
भरपेट खाल्लं. संध्याकाळपर्यंत अन्न पोटात दगडासारखं. धडधड आहेच. संकल्प रद्द.

२९ सप्टेंबर
पोटाचे डॉक्टर. त्यांना फक्त पोट सांगितलं. टेन्शन घेता का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, हे खोटं झालं. फोन करून कळवलं, थोडं घेते. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, बरं, सांगते.

७ ऑक्टोबर
इस्त्रीच्या वाफेने गळ्यावर गांधी उठल्या. आता कातडीच्या डॉक्टर. त्यांनी साबण बदलायला सांगितला. बदलला. गांधी तशाच.
आत्या म्हणाली, देवाने तुला पक्की शिलाई मारलीच नाही गं, नुसती कच्च्या टाक्यावर उभी आहेस. मी हसले. मग बराच वेळ कोणाकडे पाहिलं नाही.

१६ ऑक्टोबर
नवी युक्ती. डोळ्यांपुढे अंधारी आली की खडू पडला म्हणायचं आणि टेबलाआड जमिनीवर बसायचं. बाबा खुर्चीतून म्हणाले, हल्ली तुझा खडू फार पडतो. मी म्हटलं, नवीन कंपनीचा आहे, गुळगुळीत आहे.
तब्येत एकंदरीत सुधारते आहे.

४ नोव्हेंबर
परवा कापता कापता पडले. कात्री कोटाच्या पुढच्या पल्ल्यातून आडवी गेली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मुलाच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं कापड होतं. तसं आता मिळत नाही. ते गृहस्थ तुकडे घडी घालून घेऊन गेले.
हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी मला आडवं निजवून नाडी मोजली, मग उभं करून मोजली. आणखी काही त्रास? मी नाही म्हणणार, तोच आत्या सुरू झाली. अंगठा, छाती, पोट, गांधी, आणि हो, ही टेबलामागे लपून बसते, आम्ही काय आंधळे आहोत? बाबा शेजारीच होते. आत्याने जीभ चावली.
डॉक्टरीणबाईंनी माझी कोपरं, करंगळ्या वाकवून पाहिल्या. म्हणाल्या, शरीराला धरून ठेवणारं जाळंच सैल आहे. अशा माणसांत धडधड, पोट, गांधी हे पुष्कळदा बरोबरीने असतं. का, ते अजून नीट कळलेलं नाही. व्यायाम आणि औषधांनी त्रास कमी होईल, आजार जाणार नाही. हे सगळं एकत्र आधी का नाही सांगितलंत?
बाबांनी विचारलं, मी तिला अंगठा वाकवून दाखवायला लावायचो, त्याने झालं का? त्या म्हणाल्या, नाही, हे जन्मापासूनचं. बाबांनी रिक्षात मला परत तेच विचारलं.
एक बरं झालं. एकच आजार, म्हणजे एकच तक्रार. नियम मोडलेला नाही.

१२ नोव्हेंबर
मला बसून कापता यावं म्हणून बाबांनी सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेतले. आजवर हे कोणाला सुचलं कसं नाही! उद्यापासून जोरात काम.

१३ नोव्हेंबर
बसून पलीकडच्या काठापर्यंत हात पोचत नाही. ताणला. खांदा निसटला. बाबांना दिसलं नसणार. आवाज ऐकू गेला असेल.

२० नोव्हेंबर
नवा कटर आला. सीझनपुरताच. उंच आहे, टेबल त्याच्या मांडीशी येतं. वाकून कसं कापणार, म्हणाला. बाबांनी चारी पायांखाली विटा घालून घेतल्या. मग मला विचारलं, हलतंय का बघ.
दोन्ही हात टेकवून जोर देऊन पाहिलं. नाही म्हटलं.
त्याने कापड पसरलं.