गिटारीला कुंकू

केदारखेडा, खंडेनवमी, संध्याकाळ

आज सकाळी विळे, खुरपी, कुऱ्हाड धुऊन अंगणात मांडली आणि आण्णांच्या गिटारीपाशी हात थांबला. आण्णा म्हणजे माझे चुलते, उन्हाळ्यात गेले. त्यांच्याशिवायची ही पहिलीच खंडेनवमी.

साठच्या दशकात, ऐन तरुणपणी, ते सिकंदराबादच्या एका क्लबात इंग्रजी गाण्यांच्या बँडमध्ये वाजवायचे. आजोबांनी शेतीसाठी परत बोलावून घेतलं. घरात आजोबांचा नियम एकच, जे राबतं त्यालाच कुंकू. म्हणून आण्णा दर खंडेनवमीला आधी एक धून वाजवायचे, "घ्या, हीबी राबली" म्हणून हसायचे आणि मग गिटार अवजारांत मांडायचे. क्लबच्या जागी आता कापडाचं दुकान आहे, असं तेच एकदा म्हणाले होते. बँडचं नाव काय होतं? मी कधी विचारलंच नाही. आता कोणाला विचारू?

"अहो, आता कोण वाजवून राह्यलं ते? माळ्यावर ठिवा," बायको म्हणाली. खरंच होतं. मला भजनातल्या टाळांखेरीज काही येत नाही. न राबलेल्या वस्तूला कुंकू लावून देवाला फसवायचं? दिवसभर गिटार भिंतीला टेकून होती. येता-जाता तेच मनात. आणि काय असेल त्या बँडचं नाव?

दिवेलागणीला ती मांडीवर घेतली. तीनच तारा उरल्यात. रोजच्या भजनाच्या ठेक्यावर त्या छेडत राहिलो. बेसूरच. बायको दारात उभी होती, पण हसली नाही.

"राबली हो," ती म्हणाली. "लावा आता."

बँडचं नाव आण्णांबरोबरच गेलं. गिटारीला कुंकू लावलं आणि कुऱ्हाडीशेजारी मांडली.