तीन ग्रुपांचं बारसं

केटा, खाडीकाठ

प्रिय डझिफाताईस,

धाकट्या सेन्योचा कंबर दुखेपर्यंत वाकून नमस्कार. नॉर्वेच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? आईची तब्येत उत्तम आहे. मक्याचं अकप्ले वळताना रोज तुझ्या वाटणीचा एक गोळा जास्त करते, आणि तो उरला म्हणून मला ओरडते.

तू सुरू केलेल्या खाडी-अभ्यास मंडळाचा फोनवरचा ग्रुप इतका फुगला, की बगळे मोजणारे, खेकडे वाचवणारे आणि पाण्याचा खारटपणा तपासणारे एकमेकांच्या अंगावर यायला लागले. (खेकडेवाले जास्त.) म्हणून मी तीन वेगळे ग्रुप काढले. नावं घालणार, तोच तोग्बी आग्बेको आडवे आले. (तुझे कान पिळणारे हेडमास्तर. निवृत्त झाले, पण पिळायची खोड तशीच आहे.) म्हणाले, "अरे गाढवा, आठव्या दिवसाआधी पोराला नाव ठेवतात का? नुसतं पाहुणं आलं असलं आणि परत गेलं, तर?"

झालं! आठवडाभर तिन्ही ग्रुप बिननावाचे, तिन्हींवर तोच खाडीचा फोटो. बगळ्यांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मयताला कुठल्या रंगाचं कापड नेसायचं ते जाहीर झालं. 'खेकडे वाचवा'वाल्यांकडे खेकड्याच्या रश्श्याची कृती आली, आणि सगळ्यात जास्त वाहवा तिलाच मिळाली.

आठव्या दिवशी पहाटे कडुनिंबाखाली सगळे पांढऱ्या कपड्यांत हजर. तोग्बी म्हणाले, "आणा बाळाला." मी फोन पुढे केला. पोराने पुढे खरंच बोलावं म्हणून त्यांनी त्यावर पाण्याचे थेंब सोडले, "पाण्याला पाणीच म्हण हो." मग जिन दारूचे सोडले, "जिनला जिनच म्हण." बाळ गप्प. लाजतंय असं वाटून त्यांनी आणखी जिन ओतली. तेव्हापासून ते कायमचंच गप्प आहे.

आता नावं घालायचा अधिकार दोघांनाच: मला, म्हणजे त्या झिंगलेल्या फोनला, आणि तुला. (तुझं नाव मी सवयीने सगळीकडे घालतो.) नाव मिळेना म्हणून खेकडेवाले तर वेगळी चूल मांडायला निघालेत. तू एकदा ग्रुप उघडून नावं घातलीस तर मंडळ फुटणार नाही. पण नॉर्वेला गेल्यापासून तू एकही ग्रुप उघडलेला नाहीस.

ताई, खाडीचं पाणी चढलं की मी अजून दोघांच्या चपला उचलायला धावतो. एकच जोड असतो. फार आठवण येते गं तुझी.

तुझाच,
सेन्यो

ता. क. : बगळ्यांचं नाव 'पंख', खेकड्यांचं 'नांग्या', पाण्याचं 'मीठ'.

आणखी ता. क. : आईने फोन कसाव्याच्या कोरड्या, रवाळ गारीच्या डब्यात पुरून ठेवला होता. कालपासून तो ठणठणीत चालतोय. (गारीला मात्र जिनचा वास येतो. तोग्बी दोनदा मागून जेवले.) नावं मीच घातली, मंडळही शाबूत आहे. तरी तू ग्रुप उघड.

शेवटचं : चौथाही एक ग्रुप आहे, फक्त तुझा नि माझा. त्याला अजून नाव ठेवलेलं नाही. तोग्बी विचारत होते, हे पोर राहणार आहे की पाहुणंच आहे? म्हटलं, ताईला विचारून सांगतो.