घडीखात्याचा अहवाल आणि माझ्या इतर वस्तू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोवीस, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. लिहिण्यासाठी कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आलं ते लिहू नको म्हणून. सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, साधी शस्त्रक्रिया आहे. दादा म्हणतो, "गाठ लिंबाएवढी आणि कागद हातभर!" असो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न नाही.

१. घर माझ्या नावावर नाही. मागच्या खोलीतला खिडकीलगतचा कोपरा मात्र मी दहावीच्या वर्षी भांडून मिळवला होता. तो आईला देते. तिथे तिने खुर्ची टाकून पाय वर घेऊन बसावं. ती दिवसभर उभी असते. दादाने तिथे टीव्ही आणून ठेवू नये.

२. बँकेत जे काही असेल ते आईचं. त्यातून दादाच्या मोटरसायकलची दुरुस्ती होऊ नये. तो आईला गळ घालेल, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

३. पदवीचं प्रमाणपत्र दारासमोरच्या भिंतीवर आहे तिथेच राहू द्यावं. सिलिंडरवाल्यालासुद्धा दिसलं पाहिजे म्हणून आईने ते तिथे लावलं आहे.

४. पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला. अपवाद एक. मी मानसशास्त्र शिकले, पण माझा विषय कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात हा आहे. पाच वर्षं मी हे समजावून सांगते आहे आणि पाच वर्षं काका प्रत्येक भेटीत डोळे बारीक करून विचारतात, "सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" सगळ्यात जाडं पुस्तक काकांना द्यावं. मनातलं ओळखायची युक्ती त्यात कुठेच नाही, हे त्यांनी स्वतः पानं उलटून पाहावं.

५. स्टॉपवॉच कोणालाही देऊ नये. फेकून द्यावं. कारण सांगते.

आई ज्या धुलाई कारखान्यात एकोणीस वर्षं काम करते तिथे इस्पितळांच्या आणि लॉजच्या चादरी येतात. घडीखात्यात बारा टेबलं आहेत. एका टेबलाला दोघीजणी, समोरासमोर. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी तिथे आठ दिवस उभी राहिले आणि कोण किती बोलतं, कोण तासाला किती घड्या घालतं, हे स्टॉपवॉच लावून मोजलं. न बोलणाऱ्या जोड्यांच्या घड्या जास्त भरल्या. मी अहवालात आलेख काढून लिहिलं की शांततेमुळे एकाग्रता वाढते. मला वाटलं होतं, कारखान्याचे साहेब हे वाचून यंत्रांचा आवाज कमी करतील.

साहेबांनी पाटी लावली. "कामाच्या वेळी बोलू नये. अभ्यासाने सिद्ध झाले आहे." लाल रंगात. माझा अभ्यास!

६. साहेबांना मी काही ठेवत नाही. त्यांनी मला मनुष्यबळ विभागात नेमणुकीचं पत्र दिलं आहे, एक तारखेपासून. आईने ते पत्र शेजारी चार घरांत दाखवलं. ज्या अहवालामुळे नेमणूक मिळाली त्याच अहवालामुळे खिडकीजवळच्या टेबलावरच्या हसरीला दोन मेमो मिळाले आहेत. हसरी हे तिचं कारखान्यातलं नाव. ती गप्प राहूच शकत नाही. मंगळवारी तिची सुनावणी आहे. तिसरा मेमो म्हणजे घरी.

७. आता चूक. ही माझ्या नावावर राहावी, मार्गदर्शक सरांच्या नव्हे.

गेल्या रविवारी मी आणि आई घरातली चादर घडी करत होतो. मी म्हटलं, "तुमची जोडी सगळ्यात पुढे होती. तासाला एक्केचाळीस. एक शब्द न बोलता."

आई म्हणाली, "वाळवणीच्या यंत्राशेजारी बोलून कुणाला ऐकू येणार? ते बारा तास घरघरतंय."

"पण वेग?"

"अगं, आमच्याकडे चादर यंत्रातून गरम येते. गरम कापड हात लावला की बसतं. खिडकीकडे जाईपर्यंत गार होतं, ताठ होतं. ओढून ओढून खांदे जातात त्यांचे. तुला कुणी सांगितलं नाही?"

मी कोणाला विचारलंच नव्हतं. आठ दिवसांत मी शब्द मोजले, घड्या मोजल्या, पण कोणतं टेबल कुठे आहे याचा साधा नकाशा काढला नाही. एकदाही चादरीला हात लावला नाही. माणसांच्या वागण्याचा अभ्यास करायला गेले आणि माणसांना लांबून पाहत राहिले.

आईचं मत इथे नोंदवते, कारण ते तिने तीनदा सांगितलं आहे: "आम्ही गप्प बसून मरत नाही. हसरीचं बघता येईल. तू आधी नोकरीला लाग."

८. माझा अहवाल मी मागे घेत आहे, घड्यांचा फरक चादरीच्या उष्णतेमुळे पडतो, शांततेमुळे नाही, आणि त्याच्या आधारे कोणालाही शिक्षा होऊ नये, असं सविस्तर पत्र मी साहेबांना लिहिलं आहे. ते लोखंडी कपाटात वरच्या फळीवर आहे. माझ्या मृत्यूनंतर दादाने ते नेऊन द्यावं.

*पुरवणी, सही करण्यापूर्वी.* आईला वाटा मिळत असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. यावर ती अर्धा तास रुसली. मग तिनेच हसरीला बोलावून आणलं. साक्षीदाराने फक्त माझी सही होताना पाहायची असते, आतलं वाचायची गरज नसते, असं मी हसरीला सांगितलं. तिने सगळं वाचलं. कलम आठवर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे माझी नोकरी वाचायला तू मरायला हवीस?"

मी म्हटलं, "तसं नाही गं..."

"मग कसं? सोमवारी तू बरी होऊन उठलीस की पत्र कपाटातच ना? आणि मंगळवारी मी बाहेर. तू जगलीस तर मी मेले बघ." आणि ती हसली. तिचं हसू तसं मोठं आहे, शेजारचे डोकावले.

आईने कपाट उघडून पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

सबब कलम आठ मी रद्द करत आहे; ते पत्र आजच साहेबांच्या हातात देणार आहे. खाडाखोड माझ्या हातची असून तिथे छोटी सही केली आहे. नेमणुकीचं पत्र त्याच पाकिटात घातलं आहे. साहेबांना परत मागावंसं वाटलं तर हेलपाटा नको. बाकी कलमं कायम.

माझी सही: केली.

साक्षीदार पहिली: घडीखाते, टेबल अकरा, खिडकीजवळ. सही केली. (चप्पल घालूनच, निघायच्या तयारीत.)
साक्षीदार दुसरे: शेजारचे निवृत्त पोस्टमन. सही केली.

ठिकाण: आमची मागची खोली.
दिनांक: चौदा, शनिवार. वेळ: सकाळी साडेदहा. साहेब अकराला येतात.