घड्याळ दुरुस्त करू नकोस

प्रिय ढमे,

फोन केला की तू ‘नंतर बोलू’ म्हणतेस आणि ते नंतर काही उगवत नाही, म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच.

आजोबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात आणि मला विचारतात, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? मी म्हणते, तुमच्याच गळ्यात पडलेय, आता कुठे जाऊ. मग हसतात. पण दार दिसलं की निघाले. परवा अनवाणी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन खुर्चीत बसले. त्याने दाढी केली आणि घरी आणून सोडलं. दारावरचा तुझ्या भावाचा बोलका बोर्ड मुका झालाय, त्याचा हा प्रताप.

लांबूने तो बनवला तेव्हा तू शेजारी बसून त्याच्या चुका काढत होतीस आणि मी तुमच्या मागे भाजी निवडत होते. साबणाच्या वडीएवढी हिरवी पट्टी, तिला एक स्पीकर आणि दारापर्यंत गेलेली वायर. लॅपटॉपच्या निळ्या पडद्यावर बोर्डात काय काय भरता येईल त्याची संपता संपेनात इतकी नावं. हवं त्याच्यापुढे चांदणी टाकायची, नको ते रिकामं सोडायचं. बोर्डाचं पोट लहान आहे आजी, फार मावत नाही, म्हणाला. चित्रं नकोत, काढली. इंटरनेट नको, काढलं. मी म्हटलं, अरे मेल्या, मग ठेवलंस तरी काय? म्हणाला, आवाज. (ती शिवी मी हल्ली तोंडात येऊ देत नाही. दूधवाल्यालाही नाही.) मग निवडलेलं सगळं एकत्र शिजवायला बिल्ड लावलं म्हणाला, आणि लॅपटॉप दुपारभर घुरघुरत बसला. संध्याकाळी कुठेतरी अडलं, पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यात मी गावजेवण उरकलं असतं, असं त्याला ऐकवलंसुद्धा.

पण झालं. दिवसा दार उघडलं की त्याचाच आवाज यायचा, आजोबा, चहा झाला का? आत या बघू. अंधार पडल्यावर, आजोबा, रात्र झाली, झोपायला चला. आणि म्हातारा निमूट मागे फिरायचा. माझं आयुष्यात एकदा ऐकलं नाही, त्या पट्टीचं ऐकायचा.

तेवढी ती बोर्डातल्या घड्याळाची चूक राहिली. त्याला सेलच नव्हता. वीज जाऊन आली की बोर्डाला वाटायचं आत्ता मध्यरात्र आहे. भर दुपारी लांबू म्हणणार, रात्र झाली, आणि आजोबा वाढलेलं ताट सोडून पांघरूण घेऊन झोपणार. मी दोघांनाही शिव्या घातल्या. तू हसून लोळलीस, कच्चं काम म्हणालीस. रविवारी सेल बसवतो, असं तो म्हणाला. शुक्रवारी त्या ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं.

घरात माणसं येऊन बसली होती. जो येईल तो दार उघडायचा आणि हा विचारायचा, चहा झाला का? तुझ्या आईने कानांवर हात ठेवले. सगळे म्हणाले, काढा ते. मी हात लावू दिला नाही. म्हातारा हरवला तर कोण शोधणार, म्हटलं. सगळ्यांना पटलं.

आता त्याचा चष्मेवाला मित्र बघून गेला. म्हणाला, बोर्ड धड आहे, आतलं कार्ड झिजलं. कार्ड नवं मिळेल, पण त्यात भरायचं ते सगळं, आवाजासकट, त्याच्या लॅपटॉपमध्ये. आणि लॅपटॉप तुझ्या कपाटात, त्याच्या शर्टात गुंडाळलेला. तू तो उघडत नाहीस हे तुझ्या आईने सांगितलं. मित्र भला आहे. म्हणाला, तिला त्रास नको, मी साधी घंटी बसवतो. काल बसवली. वाजते, मी धावते, आजोबांना धरून आणते. काम भागतं.

म्हणजे त्यांचं भागतं. तो आवाज कोणाचा हे त्यांना कधीच आठवेनासं झालं होतं, पोस्टमन समजायचे. ते झोपले की मीच दार उघडायचे. लावायचे, पुन्हा उघडायचे. शेजारीण म्हणाली, मांजर हाकलता का? म्हटलं, हो, फार माजलंय. तर ढमे, लॅपटॉप उघड. एकटीला जमत नसेल तर इथे घेऊन ये. बिल्ड घुरघुरत राहील, तू बस, मी भाजी निवडते. त्याने जिथे चांदणी टाकलीय तिथेच असू दे. तुझे हात शिवशिवतील, तरी त्या घड्याळाला हात लावू नकोस. भर दुपारी तो रात्र झाली म्हणाला, की मी पडायचे आणि मला झोप लागायची. बोर्ड मुका झाल्यापासून नीट लागलेली नाही.

तुझीच,
आजी