मराठी मशीनवर बसायचं की नाही

अकोला, गुरुवार, १२ जुलै १९६२

आठ दिवसांचा घोर आज संपला. कचेरीत मराठी टाइपरायटर आलाय. त्यावर कोण बसणार ते उद्यापर्यंत लिहून द्यायचं होतं आणि कोणीच पुढे होईना. मी तरी कुठे झाले? कॉलेजात राज्यकारभार मराठीतच हवा म्हणून तावातावाने बोलणारी मी, आठ दिवस इंग्रजी मशीनमागे दडून बसले. त्यावर माझा हात सगळ्यांत जलद चालतो. नोकरी अजून कायम नाही. नव्यावर अडखळले आणि काढून टाकलं तर?

घरी पुठ्ठ्यावर मराठी मशीनची अक्षरं काढून बोटं फिरवत होते. बाबा शेतातून आले नि म्हणाले, "पेटी वाजवून राहिली का वं? सूर तं निंगूनच नाही राहिला." पुठ्ठ्यावर चुका दिसत नाहीत, म्हणून तोच बरा वाटे.

आज शेवटी आमच्या हेडक्लार्कना, बडेबाबूंना, खरं सांगून टाकलं, की भीती वाटते, माझं काम फार हळू होईल. ते पान चघळत म्हणाले, "अवो बाई, इथं हे मशीन कोनालेच येत नाही. मंग तुमाले हळू कोन म्हनन?"

इतकं साधं मला कसं सुचलं नाही? तशीच नव्या मशीनवर बसले आणि माझा होकार त्यावरच टाइप केला. तीन ओळींना पाऊण तास लागला. दोन चुका राहिल्या. पुन्हा करून देते म्हटलं, तर बडेबाबू कागद घेऊन साहेबांकडे निघालेसुद्धा.