ठिपकीचं अडलेलं अंडं आणि तुमचे धाकटे बंधू

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार लिहिणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्या उभ्या केलेलाच गोड मानून घ्या. तुमचा गुडघा आता कसा आहे? नव्या घराला मागे अंगण मिळालं आणि येत्या रविवारी तुम्ही आपल्या तिन्ही कोंबड्या परत न्यायला येताय, हे वाचून बरं वाटलं. (चौथ्या मजल्यावर राहायला जाताना ‘चार दिवस सांभाळ’ म्हणून ठेवून गेला होतात. ते चार दिवस दोन उन्हाळे पुरले, पण मी काही बोलतेय का?) इकडे सगळे खुशाल. म्हणजे आता खुशाल. मागच्या आठवड्यात नव्हते.

त्याचं असं झालं, की तुमची ठिपकी एकाएकी बिघडली. एरवी ती अंगणात तपासणीला आलेल्या साहेबासारखी हिंडते. त्या सकाळी मात्र शेपूट खाली टाकून, पिसं फुलवून, पोटात कळ आलेल्या माणसासारखी भिंतीशी उभी. खुराड्यात जायची, जोर करायची आणि तशीच बाहेर यायची. दाण्याकडे ढुंकून पाहीना. शेवटी टोपलीत घालून तिला डॉक्टरांकडे नेलं. टोपली यांनी धरली, पण हात इतके लांब करून, की टोपली दवाखान्यात आमच्या आधी पोचली. डॉक्टरांनी पोट चाचपलं नि म्हणाले, "अंडं अडकलंय." त्यांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, की कोमट पाण्यात बसवा, मग अंधारात निवांत ठेवा. पोट मुळीच दाबू नका. अंडं आत फुटलं तर कोंबडी हातची जाईल.

आता तुमच्या बंधूंना तुम्ही लहानपणापासून ओळखता. चष्म्याच्या दुकानात मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू बिनचूक बसवणारा हा माणूस, पंख फडफडले की खुर्चीवर चढतो. (‘नाजूकराव’ हे नाव तुम्हीच ठेवलंत.) पण माझी कंबर ही अशी, आणि सासूबाईंनी ‘मी पिसाला हात लावायची नाही’ असं आधीच जाहीर केलेलं. तेव्हा हे रेनकोट चढवून, डोक्यावर हेल्मेट घालून, भांडी घासायचे हातमोजे घालून न्हाणीघरात शिरले. मी बाहेरून कान लावला. आधी फडफड, मग यांची किंकाळी, मग टब सरकल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. मला वाटलं, दोघांपैकी एक गेलं.

दार ढकलून पाहते तो काय, हेल्मेट नळाला अडकवलेलं, हातमोजे कोपऱ्यात, आणि हे उकिडवे बसून एका हाताने ठिपकीला पाण्यात तोलून धरताहेत, दुसऱ्या हाताने मगातून कोमट पाणी सोडताहेत. तिने मान यांच्या मनगटावर टाकून डोळे मिटले होते. "घाई नाही हं," हे तिला सांगत होते, "दुकान आज बंदच आहे." (बंद नव्हतं. गिऱ्हाइकांचे फोनावर फोन येत होते.) मी काही बोलणार, तर मलाच म्हणाले, "हळू बोल, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. आणि माझ्या पायाला जरा चिमटा काढ, जिवंत आहे का बघ." वन्सं, मला ताप आला तर हा माणूस दारातून गोळी फेकतो!

पुसून, टॉवेलात गुंडाळून तिला अंधाऱ्या कोठीत ठेवलं. हे दाराबाहेर बसून राहिले. जेवले नाहीत. दिवेलागणीला आतून एकदा कोंबडी ओरडली आणि मागोमाग हे. अंडं मऊ कवचाचं, सुरकुतलेलं, म्हाताऱ्याच्या गालासारखं. यांनी ते ओंजळीत धरून मला दाखवलं, हसले, आणि मग बराच वेळ पाठ फिरवून चष्मा पुसत राहिले. खरं सांगते, हा माणूस मला नव्याने आवडला.

पण पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, की आतून सूज आहे, औषध चालू ठेवा, आता ही बहुधा अंडी द्यायची नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग पोसायची कशाला?" आईसमोर उभ्या जन्मात आवाज न चढवलेल्या तुमच्या बंधूंनी औषध ढवळता ढवळता शांतपणे विचारलं, "आई, मी तरी या घरात कुठे अंडी देतो? मला पोसलंसच ना?" दुसऱ्या दिवशी पाहते तर सासूबाई ठिपकीसाठी दाणे निवडत बसलेल्या. ‘बिचारीला खडा लागेल’ म्हणे. (कोंबड्या खडे मुद्दाम शोधून खातात, हे त्यांना कोण सांगणार?)

पुरे करते. गुडघ्याला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. रविवारी बाकीच्या दोघी खुशाल न्या, पण ठिपकीला राहू द्या. तुम्ही मागितलीत तर हे नाही म्हणणार नाहीत. तुम्हाला यांनी आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. हसत टोपलीत घालून देतील आणि मग चष्मा पुसत बसतील. म्हणून तुम्हीच येताच नाक मुरडून म्हणा, ‘ही आजारी कोंबडी मला नको बाई.’ एवढं नाटक माझ्यासाठी करा.

ता. क. दुसरा. सासूबाई शेजारी बसून लिहायला लावताहेत, की ठिपकीला नेणार असलीस तर मीही सामान बांधून तुझ्याकडेच येते. वन्सं, खोटं कशाला बोलू, हे लिहिताना माझं पेन क्षणभर थांबलं.